प्रेमात दोघे की एक?

[दृश्य : आषाढी एकादशी, वडाळा. पहाटेचा पाऊस आणि विठ्ठल मंदिराबाहेरची रांग.]

मुंबईकर ज्याला प्रतिपंढरपूर म्हणतात, त्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर आषाढीला पहाटेपासून रांग लागते. ज्यांना पंढरीची वारी साधली नाही अशी माणसे लालबाग-परळमधून, उपनगरांतून, कधी रात्रपाळी संपवून थेट इथे येतात. कपाळाला बुक्का असतो, हातात तुळशीची माळ असते, आणि पुढच्या अनोळखी माणसाला जरा सरकायला सांगतानाही तोंडी ‘माउली’ हेच संबोधन येते. गाभाऱ्यात वाट्याला येतात ते मोजके क्षण. तेवढ्यासाठी ही माणसे तासन्‌तास भिजत उभी राहतात. या ओढीला आपण प्रेम म्हणतो. पण या प्रेमाला नेमके काय हवे असते? देवाशी एकरूप होऊन जाणे, की देव समोर उभा असावा आणि आपण त्याला डोळे भरून पाहत राहावे? हा प्रश्न भक्तीपुरता नाही. नवराबायको, आईमूल, मित्रमित्र अशा प्रत्येक नात्याच्या मुळाशी तो आहे, आणि जगातल्या थोर विचारवंतांनी त्याची उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी दिलेली आहेत.

सर्वांत बोचरे उत्तर बृहदारण्यक उपनिषदात आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि आपली मालमत्ता मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींत वाटून देऊ पाहत आहेत. मैत्रेयी विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? त्यावर याज्ञवल्क्य म्हणतात, “न वा अरे पत्युः कामाय पतिः प्रियो भवति, आत्मनस्तु कामाय पतिः प्रियो भवति.” पती आवडतो तो पतीसाठी नव्हे, आत्म्यासाठी आवडतो, पत्नी, पुत्र, धन, देवसुद्धा आत्म्यासाठीच प्रिय होतात. निरोपाच्या वेळी नवऱ्याने बायकोला हे सांगावे, यातला कठोरपणा लपत नाही. याचा उथळ अर्थ घेतला तर प्रत्येक प्रेम स्वार्थीच ठरते. उपनिषदाला तो अर्थ अभिप्रेत नाही. आत्मा म्हणजे ‘मी, माझे’ म्हणणारा अहंकार नसून तुमच्या-माझ्यात एकच असलेले तत्त्व होय, आणि दुसऱ्यात आपल्याला भुलवते ते तेच तत्त्व, असे त्याचे म्हणणे आहे. हा विचार उदात्त आहे, यात शंका नाही. तरीही एक प्रश्न उरतोच, की या अर्थानेही मैत्रेयी ही मैत्रेयी म्हणून, तिच्या नावरूपासकट, कोणाला प्रिय असते? पुढे याज्ञवल्क्य जेव्हा सांगतात की मरणानंतर वेगळी जाणीव उरत नाही, तेव्हा ती स्पष्ट म्हणते, भगवन्, इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलेत. तिचा तो गोंधळ अज्ञानातून आलेला आहे असे मला वाटत नाही. प्रेम केलेल्या कोणत्याही माणसाचा तो रास्त आक्षेप आहे.

ग्रीक परंपरेतही हीच ओढाताण दिसते. प्लेटोच्या संवादात एक वक्ता अशी कथा सांगतो की मूळचा अखंड माणूस देवांनी दुभंगला आणि तेव्हापासून प्रत्येक अर्धा आपला दुसरा अर्धा शोधत हिंडतो. त्याच संवादात सॉक्रेटिस दिओतिमा या विदुषीचे म्हणणे सांगतो : प्रेम हे दारिद्र्य आणि समृद्धी यांचे अपत्य आहे, ते एका सुंदर देहापासून सुरू होते आणि पायरी-पायरीने चढत सौंदर्याच्या मूळ तत्त्वापाशी पोहोचते. म्हणजे ज्या माणसापासून प्रेमाची सुरुवात झाली तो खालच्या पायरीवरच राहतो. ॲरिस्टॉटलने मात्र उपयोगासाठीची मैत्री आणि सुखासाठीची मैत्री बाजूला ठेवून खऱ्या मैत्रीची खूण अशी सांगितली, की तीत मित्राचे भले हवे असते ते त्या मित्रासाठीच. माझ्या मते या एका वाक्यात ग्रीक विचाराने फार मोठा पल्ला गाठला.

[दृश्य : मंदिराच्या सभामंडपात भजन. टाळ धरलेल्या हातांचे जवळून चित्रण.]

मराठी संतांनी हा प्रश्न सोडवला तो मोठ्या धैर्याने. अद्वैत, म्हणजे देव आणि भक्त मुळात एकच आहेत हा विचार, त्यांना मान्य होता. अमृतानुभवाच्या आरंभी ज्ञानेश्वर शिव आणि शक्ती या आदिदांपत्याचे असे वर्णन करतात, की दोघे प्रेमाच्या भरात एकमेकांना गिळून एक होतात आणि त्याच प्रेमाच्या सुखासाठी पुन्हा दोन होतात. तुकोबा हेच एका ओळीत सांगतात : “अभेदूनि भेद राखियेला अंगीं । वाढावया जगीं प्रेमसुख.” भेद संपला आहे, हे ठाऊक असूनही तो राखून ठेवला, कारण प्रेमाच्या सुखाला दोघे लागतात. मोक्षालाच परमार्थाचा शेवट मानणाऱ्या देशात, मुक्तीनंतरही प्रेमासाठी दुसरेपण जपायचे, हा विचार मांडणे सोपे नव्हते. म्हणूनच तुकोबा मुक्ती, धन आणि संपदा नाकारून मागतात ते एवढेच, की तुझा विसर न व्हावा. नारदाच्या भक्तिसूत्रांत प्रेमाचे स्वरूप अनिर्वचनीय म्हटले आहे, आणि तरीही त्याची एक साधी कसोटी दिली आहे. जाराच्या प्रेमात त्याच्या सुखात सुख मानणे नसते, असे ते सूत्र सांगते. याचा अर्थ, समोरच्याच्या सुखाने सुखी होता येणे, हीच प्रेम आणि वासना यांच्यामधली सीमारेषा होय.

[दृश्य : माहीम, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा. चादर घेऊन येणारे भाविक.]

वडाळ्याहून माहीम काही फार लांब नाही. इथे मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. ते कुराणाचे भाष्यकार होते आणि इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाच्या विचारपरंपरेतले अभ्यासक होते. त्या परंपरेत ईश्वराचे एक वचन वारंवार सांगितले जाते : मी लपलेला खजिना होतो, मला ओळखले जावेसे वाटले, म्हणून मी सृष्टी निर्माण केली. जे एकमेव आहे त्यालाही आपल्याला ओळखणारा कोणी असावा असे वाटते, हा विचार ज्ञानेश्वरांच्या आदिदांपत्याच्या किती जवळ येतो, हे वेगळे सांगायला नको. पण माहीममध्ये लोकांच्या तोंडी आहे ती या तत्त्वज्ञानापेक्षा एक साधी कथा. लहानपणी एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पेला भरून घेऊन आला तोवर तिचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने हाक मारली नाही, आणि जाग येताच तिला पाणी मिळावे म्हणून तो पेला खालीही ठेवला नाही. पहाटे तिने डोळे उघडले तेव्हा तो पेला धरून तसाच उभा होता. ही कथा इतिहास म्हणून तपासून पाहण्याची गरज मला वाटत नाही. नारदाच्या सूत्रात जे विधान आहे, ते इथे एका लहान मुलाच्या हातात दिसते. डिसेंबरात या दर्ग्याचा उरूस भरतो, आणि तेव्हा मुंबई पोलीस मानाची चादर चढवतात.

[दृश्य : वांद्रे, माउंट मेरीच्या चढणीवरची मेणबत्त्यांची दुकाने.]

खाडीपलीकडे वांद्र्याच्या टेकडीवर, सप्टेंबरातल्या माउंट मेरीच्या जत्रेत, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे आणि मेणाची तान्ही बाळे विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला खोली हवी आहे तो मेणाचे घर घेतो, आणि मोतमाउलीपुढे ठेवतो. तिथे सर्व धर्मांची माणसे असतात. आठव्या शतकातली बसऱ्याची सूफी संत राबिया मात्र म्हणे, देवा, नरकाच्या भीतीने मी तुझी भक्ती करीत असेन तर मला नरकात जाळ, आणि स्वर्गाच्या आशेने करीत असेन तर स्वर्ग मला बंद कर. तिच्या शेजारी मेणाचे घर घेऊन उभा असलेला माणूस खुजा ठरतो का? भगवद्गीता त्याला खुजा ठरवत नाही. सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, ज्ञान्याला वरचे स्थान दिले आहे, आणि तरीही ‘उदाराः सर्व एवैते’, हे सगळेच थोर आहेत, असे म्हटले आहे. ज्या शहरात डोक्यावरच्या छपरासाठी आयुष्य खर्ची पडते, तिथे छप्पर मागणाऱ्याच्या प्रेमाला कमअस्सल म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय त्या मेणाच्या पायांतले कितीतरी पाय स्वतःचे नसतात. ते आईचे किंवा मुलाचे असतात.

ख्रिस्ती धर्मात तर ‘देव प्रीती आहे’ असेच योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे, आणि त्या प्रीतीचे माप शेजाऱ्यावरच्या प्रेमाने घेतले आहे. शेजारी कोण, असे विचारल्यावर येशूने उत्तरादाखल गोष्ट सांगितली ती वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या एका परक्या शोमरोन्याची.

[दृश्य : कान्हेरी. कातळात कोरलेली पाण्याची टाकी, भिंतीवरचा ब्राह्मी लेख.]

परक्यावर प्रेम करायचे कसे, याचा पद्धतशीर अभ्यास बौद्ध परंपरेने केला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या टेकडीवर शंभराहून अधिक लेणी आहेत आणि हजारभर वर्षे इथे भिक्षूंचा वावर होता. लेण्यांच्या बाजूला पाण्याची टाकी कोरलेली आहेत. इथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे, आणि ती कोणी दान दिली तेही लिहून ठेवले आहे. त्या दात्यांत कल्याण-सोपाऱ्याकडचे व्यापारी आहेत, स्त्रियाही आहेत. ज्यांचे चेहरे आपण कधी पाहणार नाही त्यांना पाणी मिळावे, म्हणून या माणसांनी कातळ फोडून घेतला. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथातले मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीविषयीचे सूत्र, सांगते, की आई जशी आपल्या एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते, तसे मन सर्व प्राणिमात्रांविषयी वाढवावे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने एक सूक्ष्म इशारा दिला आहे : मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तो चटकन ओळखू येतो; पण तिचा जवळचा शत्रू आसक्ती आहे, आणि ती मैत्रीसारखीच दिसत असल्याने घरात कधी शिरते ते कळत नाही. दुसऱ्याला आपल्या मालकीचे करू पाहणारे प्रेम आपल्याला प्रेमच वाटत राहते. मुलाच्या आयुष्याचे सगळे निर्णय स्वतः घेणाऱ्या आईबापांना आणि नकार पचवू न शकणाऱ्या प्रियकराला हा इशारा आजही तंतोतंत लागू पडतो.

पसायदानात ज्ञानेश्वरांनी या मैत्रीला दुर्जनापर्यंत नेले. “जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचे.” वाकडेपण जावे, माणूस राहावा, ही मागणी आपण शाळेपासून म्हणत आलो आहोत.

आणि तरीही, हे सारे म्हणणाऱ्या समाजाने चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवले. १४व्या शतकात ते गेले. त्यांची समाधी देवळासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. जगाला प्रेम अर्पावे, हाच खरा धर्म मानणाऱ्या माणसाला त्या प्रेमासाठी स्वतःचा प्राण पणाला लावावा लागला, याची खंत प्रत्येक मराठी माणसाला वाटायला हवी.

[दृश्य : दादर, चैत्यभूमी. ६ डिसेंबर, पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी.]

म्हणूनच प्रेमाविषयीचा कोणताही विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात, करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम. बुद्ध त्याच्याही पुढे गेले आणि त्यांनी सर्व जिवांवरच्या प्रेमाची, मैत्रीची शिकवण दिली. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून देशाला सावध केले होते, कारण ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी बंधुतेची बाजू मांडली. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता लोकांच्या अंगवळणी पडणार नाहीत. ती दोन्ही अमलात आणण्यासाठी पोलीस शिपाई उभा करावा लागेल, असे त्यांनी सभागृहाला सांगितले.