सगळे खाली उतरले का?

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही.)

दाराजवळची पोरं, जरा समोर सरका. थंडी वाजेल तिथं.

फळ्यावर विषय लिहिलाय 'व्यसनमुक्ती आणि अध्यात्म'. दुपारी हा फळा वाचून एक जुने स्नेही मला म्हणाले, "बुवा, तू तर देवळाची पायरी चढत नाहीस. अध्यात्मावर काय बोलशील?" बरोबर आहे त्यांचं. मी आजही चढत नाही. बायको आत जाते, मी बाहेर चपला सांभाळतो. ते काम मात्र मन लावून करतो.

दारू मी एकोणीस वर्षं प्यायलो. तीही याच जिल्ह्यात, जिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. बंदी आली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, म्हणजे कायदेशीर दारू मी माझ्या जिल्ह्यात पाहिलीच नाही. त्यानं काही अडलं नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती नाही तर यवतमाळ जिल्हा, तिथं दुकान उघडं. नदीपर्यंत जायचं त्राण नसलं तर नाल्याकाठची भट्टी. अंधारात कुठल्या धुऱ्यावरून गेलं की कुत्रं भुंकत नाही, हेसुद्धा मला पाठ होतं. बंदी वाईट, असं मी म्हणत नाही. मला हवी होती तेव्हा ती मिळत होती, एवढंच सांगतो.

मी लाइनमन होतो. खांबावर चढणारा माणूस. आमच्या कामात एक शब्द आहे, परमिट. हसू नका, तुमच्या डोळ्यांपुढे परमिट रूम आली, माहीत आहे मला. आमचं परमिट वेगळं. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करायचा. तो फीडर, म्हणजे त्या लाइनची वीज, बंद करतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो, परमिटचा नंबर देतो. मग लाइनला अर्थिंगची चेन टाकायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल, आणि चढायचं. काम झालं की चेन काढायची, माणसं खाली आणायची, ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ते परत करायचं. तेव्हा कुठं ऑपरेटर लाइन चार्ज करतो, म्हणजे वीज सोडतो.

आता यात गंमत बघा. खांबावरच्या माणसाला ऑपरेटर दिसत नाही. पाच-सात किलोमीटरवर एका खोलीत तो बसलेला. त्यानं बटण दाबलं नाही म्हणून तुम्ही जिवंत. त्याच्या शब्दावर जीव टाकायचा, आणि तरीही चेन टाकायचीच. नुसता भरवसा चालत नाही आणि नुसती चेनही चालत नाही.

जुलै महिना होता. वावरातल्या एका खांबावर तार बसवायचा पिन इन्सुलेटर फुटला होता. मी आणि माझा हेल्पर, विशीतला पोरगा. परमिट माझ्या नावावर. काम सुरू व्हायच्या आधीच मी मोटरसायकलच्या डिकीतला पव्वा अर्धा केला होता. पोरानं वर चढून इन्सुलेटर बदलला, खाली आला. मी चेन काढली. पाऊस यायला लागला, मला घाई. कुठली घाई ते तुम्ही ओळखलं असेल. फोन लावला, म्हटलं, काम झालं, परमिट परत.

ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, सगळे खाली उतरले काय?"

"हाव."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोट्ट्याले फोन दे."

मी बाजूला पाहिलं, पोरगा नाही. वर पाहिलं. पक्कड क्रॉस आर्मवर, म्हणजे खांबाच्या आडव्या पट्टीवर राहिली होती, ती आणायला तो परत चढला होता. एक हात तारेवर ठेवून माझ्याकडं बघून हसत होता.

मी फोनवर काहीच बोलू शकलो नाही. ऑपरेटरनं लाइन चार्ज केली नाही. माझ्या आवाजातला जडपणा त्याला कळला होता. पुढं त्यानं माझी तक्रारही केली, आणि केली ते बरोबर केलं.

कथा इथं संपली असती तर बरं झालं असतं. 'त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही', असं सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. मी पुढं चौदा महिने प्यायलो. आधीपेक्षा जास्त. ते खांबावरचं हसू डोळ्यांपुढून जावं म्हणून प्यायलो.

त्या चौदा महिन्यांत शपथा किती झाल्या! पोराच्या डोक्यावर हात ठेवून झाली. आईच्या पायांवर झाली. सासऱ्यांनी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली. माळेला मी हसत नाही. माळेनं सुटलेली माणसं याच सभेत बसलेली मला दिसताहेत, त्यांना माझा नमस्कार. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. माळ घालून मी एकोणतीस दिवस काढले. तिसाव्या दिवशी प्यायलो. पिण्याआधी माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली होती. आता मी नुसता दारुडा राहिलो नव्हतो, पापीही झालो होतो. आणि पाप्याला प्यायला आणखी एक कारण मिळतं.

शेवटी शरीर थकलं. एक दिवस उलट्यांमुळे दारू पोटात टिकेना, म्हणजे आपोआप बंद झाली. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या रात्री माझ्या पलंगावर वरून तारा उतरायला लागल्या. चार्ज तारा. आई जवळ आली की मी ओरडायचो, "हात लावू नको, हात लावू नको!" आईला वाटलं बाहेरचं काही आहे, तिनं भगताला बोलावणं धाडलं. मेव्हणा शहाणा, त्यानं गाडीत टाकून दवाखान्यात नेलं.

इथं जरा थांबतो, कारण हे पोथीत सापडत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात. फिट यायची तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भास आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात माणूस मरू शकतो. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं की दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू उलटा जोर लावून उभा राहायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकळा सुटतो. मला लगेच कळलं. लोड अचानक सुटला की व्होल्टेज चढतं, तसंच. त्यावर औषधं आहेत, बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत. म्हणून नवऱ्याला, पोराला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. नवस नंतर फेडा, आधी दवाखाना. फोन करायचा तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४४६. लिहून घ्या. लिहा, मी थांबतो.

दवाखान्यातून व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथं संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेची, मीटिंग व्हायची. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या त्यांच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडायचे बारा टप्पे, वाचल्या आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या पायरीतच देव! मनात म्हटलं, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला शेवटी गाभाऱ्यात आणून सोडलंच यांनी. मीटिंगच्या शेवटी सगळे उभं राहून प्रार्थना म्हणायचे. मी ओठ मिटून उभा राहायचो. पाच महिने असाच उभा राहिलो, एकानंही विचारलं नाही की तू का म्हणत नाहीस.

या संस्थेच्या वतीनं मी बोलत नाही, तसा अधिकार कुणालाच नाही तिथं. पण तिचा जन्म ऐकण्यासारखा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघंही पट्टीचे पिणारे. दलालाच्या ध्यानात आलं होतं की दुसऱ्या दारुड्याशी बोलत बसलं की आपली तलफ टळते. समोरचा सुधारो न सुधारो, आपला दिवस निघतो. चार वर्षांनी पायऱ्या छापायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्या देव न मानणाऱ्यांनी भांडण काढलं. त्या भांडणामुळे देव या शब्दामागं 'आम्हाला जसा उमगला तसा' अशी पुस्ती जोडली गेली. आणि सभासद व्हायची अट एकच राहिली, दारू सोडायची इच्छा. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी दार आधीच कुणीतरी भांडून उघडून ठेवलं होतं. मला ते आवडलं.

तरी 'उमगला तसा' म्हणजे कसा? मला तर काहीच उमगला नव्हता. केंद्रात एक म्हातारे होते, बौद्ध, रेल्वेतून निवृत्त झालेले. नागपूरला १९५६ साली दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले. ते मला म्हणाले, "आमच्याकडे देव नाही. पण पाचवं शील आहे. सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." मी म्हटलं, शपथच झाली की ही. माझ्या सतरा मोडून झाल्या. म्हातारे चिडले. "शपथ नव्हे. सिक्खापद. शिकायचा धडा. शपथ मोडली की संपली. धडा चुकला तर माणूस पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो."

मग त्यांनी मला पमाद समजावला. प्रमाद, गाफीलपणा. दारू ही गाफीलपणाची जागा, म्हणून तिच्यापासून दूर राहायचं. गाफील हा शब्द ऐकला आणि मला खांबावरचा पोरगा दिसला. त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो, म्हाताऱ्यांच्या शेजारच्या खाटेवर. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. उठून मला पाणी दिलं आणि झोपले.

माझ्या डोक्यात गोष्ट हळूहळू जुळली. मला देव नको होता, पण ऑपरेटर हवा होता. मी शुद्धीत आहे की नाही, मी सुरक्षित आहे की नाही, हे मीच ठरवत होतो आणि चुकीचं ठरवत होतो. दारुड्याचं डोकं त्याला सारखं सांगत असतं, सगळे खाली उतरलेत, कर चार्ज. तर हा निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. शरण जाणं म्हणतात ते मी एवढंच समजलो. पंधरा वर्षं रोज एका न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी खांबावर चढत होतो, म्हणजे शरण जाणं मला येतच होतं. फक्त ते अध्यात्म आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि चेन? ती रोजची. मीटिंगला जाणं, वेळेवर जेवणं, नदीपलीकडच्या लग्नाला एकट्यानं न जाणं. यात पवित्र असं काही नाही, पण हे टाकलं नाही तर वरच्या भरवशाला काही किंमत नाही.

इथून पवनार काही फार लांब नाही. विनोबा म्हणत की राजकारणाचे आणि धर्मपंथांचे दिवस गेले, आता विज्ञान आणि अध्यात्म. शाळेत हे ऐकलं तेव्हा दोन्ही एका पोत्यात कशी बसतील, असं वाटायचं. मला ती बसली ती बी-१च्या इंजेक्शनात आणि म्हाताऱ्यांनी दिलेल्या पाण्यात.

आणि आज ज्यांची पुण्यतिथी आहे त्यांचं काय? गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. दारुड्याच्या घरातलं पोर होते बाबा, हे फोटोला हार घालताना आपण विसरतो. मोठे झाल्यावर घरच्या बारशाला रिवाजाची दारू आणि मटण त्यांनी बंद केलं, गोड जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले. पुढं आयुष्यभर दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. पाया पडू द्यायचे नाहीत, चेला केला नाही, नवस-बळीवर कोरडे ओढले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, याला त्यांनी रोकडा धर्म म्हटलं. मला हा रोकडा शब्द फार पटतो. उधारीवर मी भरपूर जगलो. 'उद्यापासून सोडतो' ही उधारीच होती. आता माझा हिशेब रोकडा, आजच्या दिवसापुरता. बारा वर्षं झाली म्हणतात लोक. मी आज सकाळी उठलो तेव्हापासून मोजतो.

दोन्ही बाजूंची माणसं मला धरतात. भक्त म्हणतात, देवाचीच कृपा, तू नाव घे न घे. विवेकवादी मित्र म्हणतात, मग अध्यात्म शब्द कशाला वापरतोस, मानसोपचार म्हण. दोघांनाही मी चहा पाजतो. शब्दावर माझा हट्ट नाही. पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या गळ्यात आहे हे आठवलं की अंगावर जो काटा येतो, त्याला मानसोपचार म्हणताना माझी जीभ अडखळते.

कुणी काही विचारणार? हां, मागून ताई विचारताहेत, प्रार्थनेच्या वेळी आता काय करता. आता मीही म्हणतो, ताई. देवाचं नाव येतं तिथं थोडा थांबतो, बाकीचे पुढं जातात, मी पुढच्या ओळीत त्यांना गाठतो.

आणि त्या पोराचं? तो आता स्वतः लाइनमन आहे, परमिट त्याच्या नावावर निघतं. मी त्याची माफी मागायला गेलो तर त्याला प्रसंगच आठवेना. म्हणाला, "पक्कड राह्यली होती, एवढं आठवते." मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल, नाही तर माफ करेल. त्यानं दोन्ही केलं नाही, बायकोला चहा टाकायला सांगितला. चहात साखर फार होती.

सात वाजत आले. शेजारच्या गावचा एक कास्तकार मला रोज सातला फोन करतो, कारण सात ही त्याची भट्टीवर जायची वेळ. आज त्याचा तेविसावा दिवस. आम्ही दारूबद्दल फारसं बोलत नाही. कापसाचा भाव, बैलाचा खूर, असलंच. परवा मला बरं वाटत नव्हतं, तर त्यानंच मला विचारलं, जेवले काय भाऊ?

हा बघा, वाजला. तुम्ही चहा घ्या तोवर, मी बाहेर ओट्यावर जाऊन बोलतो.