एक आकड्याची सरस्वती

[शाळेचं पटांगण, घंटा]

ही घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो वाजवण्यावरून चौथीच्या पोरांत रोज भांडण. मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका. 'धर्मनिरपेक्ष' या शब्दावर पहिलीची मुलं हमखास अडखळतात. बाई थांबतात, पुन्हा म्हणून घेतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. बाई ख्रिस्ती आहेत. गावाला ठाऊक आहे, वर्गात त्या अवाक्षर काढत नाहीत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं संविधानाचं 28वं कलम सांगतं. बाई ते स्वतःला जरा जास्तच कडक लावतात. नाताळचे कागदी तारेसुद्धा गुरुजी करून घेतात.

[पाटी, जवळून]

खंडेनवमीचं पाटीपूजन. एकाला एक जोडून पाटीवर सरस्वती उमटतेय. हात कुणाचा ते बघा. एक गिरवायला बाईंनीच शिकवलं, म्हणून पोरं पाट्या घेऊन त्यांच्याकडेच येतात. हळदकुंकू गुरुजी वाहतात, बाई रांग सांभाळतात. तुम्ही पूजा का करता, असं गुरुजींना कुणी विचारत नाही. तुम्ही का करत नाही, हे बाईंना विचारतात. कलम दोघांना एकच.

[3 जानेवारी, नऊवारीतल्या मुली]

बालिका दिन. यंदा सावित्रीबाई चार आहेत, कारण नऊवारी चौघींकडे निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते इथे, नगरला, सिंथिया फरार यांच्याकडे. अमेरिकन मिशनच्या या अविवाहित बाई 1827 साली मुंबईत उतरल्या आणि 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. भाषणात आपल्या बाई फरारबाईंचं नाव घेतात, 'मिशन' हा शब्द गाळतात. आम्ही गाळलेला नाही.

[रविवार, चर्च]

आवाज ओळखलात? प्रास्ताविका सांगणाराच. पेटी, टाळ आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची चाल अभंगाचीच राहिली. बाईंच्या घरात आजोबांपासून हीच भजनं.

मध्यंतरी एका पालकाने तक्रार केली होती, बाई धर्म शिकवतात म्हणून. केंद्रप्रमुख आले, वह्या बघितल्या, काही निघालं नाही.

[सोमवार, पटांगण]

आज रूळ पहिलीच्या पोरीच्या हाती लागलाय. हात पोचत नाही.

[पुढे निवेदन नाही. बाई तिला उचलतात. घंटा.]