मुंबई–नागपूर: 685 किलोमीटर आणि दीड तास

मागे ऐकू येतंय ना? बरं. तर मंडळी, मुंबई ते नागपूर किती लांब? हां, ते समृद्धीवाले काका, हात दिसला तुमचा, 701, पण तो रस्ता झाला आणि तोही भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा, पुढचं ट्रॅफिक तुमचं तुम्ही बघा. रेल्वेने 837. सरळ हवेतून मात्र साधारण 685 आणि जेट वर गेलं की ताशी 800 च्या आसपास पळतं, म्हणजे शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर 51 मिनिटं. तिकिटावर दीड तास! मधली चाळीस मिनिटं कोण खातं, हे माझं जुनं दुखणं आहे, घरच्यांना पाठ झालंय म्हणून आज तुम्हाला ऐकवतोय.

मेहुण्याच्या मुलीचं लग्न, डिसेंबर महिना, सकाळचं विमान. दार वेळेवर बंद झालं, आम्ही खूश. मग विमान सरपटत जरा पुढे गेलं आणि उभं राहिलं. खिडकीतून मी पुढच्या शेपट्या मोजल्या, आठ! रेशनच्या रांगेत असतात तसे सगळे गप्प उभे. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. बायको म्हणाली मोजत बसू नका, झोपा. मी कसला झोपतोय, घड्याळ लावलेलं, चाक सुटलं तेव्हा 27 मिनिटं झालेली. वर गेल्यावर मात्र सुसाट, चहाचा कप अर्धा व्हायच्या आत पट्टे बांधा, 58 मिनिटांत टेकलो आणि कॅप्टन अभिमानाने सांगतो, आपण पाच मिनिटं आधी पोचलोय! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

आणि मग शिडी येईना. मेहुण्याचा फोन, "भाऊजी, विमान तर दिसून राहिलं मले काचेतून, तुम्ही नाही दिसून राहिले." बिचाऱ्याने तर्री-पोहे बांधून आणलेले, पोहे गार, तर्रीवर साय. ती चव... असो, चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत म्हणे. मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय!

पटकन सांगतो. तिकिटावरचा वेळ उडण्याचा नसतोच, चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो, त्यात रांग, चढणं, वळसे, उतरणं सगळं आलं आणि वर थोडा राखीव वेळ, म्हणजे उशीर झाला तरी "वेळेआधी" म्हणता येतं. शिडीची वाट बघणं त्यातही नाही, ते आपल्या खात्यावर.

दुसरं, वारा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, जाताना पाठीवर घेतो, येताना तोच तोंडावर. मुंबई–न्यूयॉर्क दोन्हीकडून साडेबारा हजार किलोमीटरच, पण न्यूयॉर्क पश्चिमेला, वारा तोंडावर, म्हणून जाताना येण्यापेक्षा तासाभराहून अधिक जादा वेळ लागतो.

तिसरं, घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबईवरून न्यूयॉर्कला दोरा ताणून बघा, तो अटलांटिकवरून आडवा जात नाही, रशिया, स्वीडन असा वर चढतो. फक्त दोऱ्याला हवाई हद्द कळत नाही, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना वाट बंद केली, म्हणजे आलाच वळसा.

पुणे–मुंबईचं राहिलंच, 120 किलोमीटर, गमतीशीर हिशोब आहे तो, चहाला सांगतो. काका, हात खाली घ्या आता.