एका नावाखालची तीन मांजरे

रात्रीच्या या चित्रणात कॅमेऱ्यासमोरून झरकन निघून गेलेले ठिपकेदार मांजर आकाराने घरच्या मांजराएवढेच, किंबहुना त्याहून सडपातळ आहे. कोस्टा रिकाच्या डोंगरांपासून ब्राझीलच्या दक्षिण भागापर्यंत आढळणारी अशी सर्व मांजरे दीर्घकाळ ‘टिग्रिना’ या एकाच जातीत गणली जात होती. तिचे शास्त्रीय नाव श्रेबर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७५ साली दिले होते, तेही फ्रेंच गयानातील मांजरावरून.

संग्रहालयाच्या कप्प्यातील ही कातडी शेजारीशेजारी मांडली, की मुळात ती एक जात मानली कशी गेली, याचेच नवल वाटते. सवानातील, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातील, मांजराचा रंग फिकट पिवळसर, कान मोठे आणि शेपूट लांब व बारीक आहे. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातील मांजर ठेंगणे आणि झुपकेदार शेपटीचे आहे. अँडीजच्या धुकट जंगलातील मांजराच्या अंगावरची वलये मोठी व वेडीवाकडी आहेत, आणि मादीला सडांची एकच जोडी असते, तर इतर दोन प्रकारांतील माद्यांना दोन जोड्या असतात. याच कप्प्यातील एका काळ्या कातड्यावरचे ठिपके मात्र तिरप्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. रंगावर विसंबण्याची मर्यादा इथेच कळते.

म्हणून प्रश्न प्रयोगशाळेत गेला. २०१३ साली टाटियाने त्रिगो, एदुआर्दो आयझिरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या ईशान्येकडील व दक्षिणेकडील टिग्रिनांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा त्यांच्यात जनुकांची देवाणघेवाण होत नसल्याचे आढळले. ईशान्येकडील मांजरांत पूर्वी कधीतरी पंपास मांजर या दुसऱ्या रानमांजराशी झालेल्या संकराच्या खुणा होत्या, तर दक्षिणेकडील मांजरांचा जॉफ्रॉय मांजर या आणखी एका रानमांजराशी संकर आजही होतो. दक्षिणेकडील, म्हणजे अटलांटिक जंगलातील, मांजराला ‘गुट्टुलस’ ही स्वतंत्र जात मानण्यात आले. २०२४ साली ताद्यू दे ओलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी कातडी, शरीराची ठेवण व अधिवास एकत्र तपासून अँडीज व मध्य अमेरिकेतील मांजराला ‘पार्डिनॉइड्स’ ही तिसरी जात ठरवले.

या विभागणीमुळे प्रत्येक जातीचा प्रदेश आक्रसला असून जंगलतोड आणि पाळीव कुत्र्यांकडून येणारे रोग यांचा धोका तिन्ही जातींना आहे.

ईशान्य ब्राझीलमधील मांजराला ‘एमिली’ ही वेगळी जात मानावे, असेही २०१७ साली सुचवण्यात आले होते; नव्या अभ्यासाने मात्र ते मूळ टिग्रिनातच, म्हणजे सवानातील मांजराच्या जातीतच, ठेवले आहे. त्याची तुलना ज्या गयानातील मांजरांशी करावी लागते, त्यांची कातडी संग्रहालयांत मोजकीच आहेत.