जाजीची टोपी

नमस्कार श्रोतेहो. आज एका टोपीची गोष्ट सांगते.

गाव सोकोतो, आजच्या उत्तर नायजेरियातलं. 1804 मध्ये उस्मान दान फोदियो यांनी धर्मसुधारणेसाठी जिहाद पुकारला आणि त्यातून मोठं राज्य उभं राहिलं. पुस्तकांत त्या लढाया भरपूर सापडतात. मला बोलायचंय त्यांच्या लेकीबद्दल, नाना अस्माउंबद्दल. इथं 'नाना' हा बाईचा मानाचा शब्द आहे बरं का. जन्म 1793 चा. अरबी, फुलफुल्दे आणि हौसा भाषांत कविता लिहिणारी विदुषी. बायकोला भांड्यासारखं वापरून, फुटलं की उकिरड्यावर फेकणाऱ्या नवऱ्यांना वडिलांनीच आपल्या लेखनात फैलावर घेतलं होतं. अशा घरातली ही मुलगी.

तर टोपी. जवळच्या गोबीर राज्यात 'इन्ना' नावाची मानकरीण असे. बोरी म्हणजे अंगात येण्याचा पंथ, त्याची ती प्रमुख. तिच्या डोक्यावर गवताची विणलेली फुगीर टोपी असायची, मलफा. बोरी अस्माउंना मुळीच मान्य नव्हती. पण टोपीचा मान त्यांनी ओळखला. खेड्यातली एखादी जाणती बाई शिकायला आली की त्या तिला तीच मलफा द्यायच्या आणि टोपीभोवती लाल कापड गुंडाळायच्या. झाली ती जाजी! जाजी म्हणजे तांड्याचा म्होरक्या.

डोळ्यांसमोर आणा. गवताची टोपी, वर लाल कापड. बाई गावात शिरतेय आणि लोक वाट देताहेत. वही नाही, पाटी नाही. सगळं तोंडपाठ. नमाज कसा पढावा, कसं वागावं, सगळं कवितेत. ज्या बायकांना उंबरा ओलांडता येत नाही, त्यांच्या घरात जाजी जाते, म्हणते, आणि त्या मागून म्हणतात.

पाठांतराला आपण हल्ली उगीच नावं ठेवतो. माझं ठाम मत आहे, तोंडपाठ असलेलं कुणी हिरावून घेऊ शकत नाही. असो.

या बायकांच्या संघटनेचं नाव यान तारू. त्याच राज्यात लढाईत धरून आणलेल्या बायका गुलामही होत्या, हे मी झाकून ठेवणार नाही. त्यांनाही हे शिक्षण हौसा भाषेतून मिळालं.

तर पुन्हा सांगते, गवताची टोपी, वर लाल कापड. 1864 मध्ये अस्माउ गेल्या. त्यांचं काम बहीण मरियम हिनं हाती घेतलं.