कर्ज तसेच असतानाही झोप येऊ शकते

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या शेतकऱ्याला रात्र झोपेसाठीच मिळते असे नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते, आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जावे लागते. पण आज मी ज्या जागरणाविषयी बोलणार आहे, ते कामाचे नाही. अंथरुणावर पडूनही डोळ्याला डोळा न लागणे, किंवा लागलाच तर पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊन सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न आणि बोंडअळीने नेलेला कापूस हे सगळे एकदम डोक्यात सुरू होणे, हे ते जागरण.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात असे लोक झोपेची तक्रार घेऊन सहसा येत नाहीत. डोके दुखते, अंग मोडून येते, जेवण गोड लागत नाही, असे सांगतात. झोपेचे मी विचारले की थोडे थांबून म्हणतात, "साहेब, कर्ज फिटल्याशिवाय झोप कशी येईन?" त्यांची चिंता खरी आहे, ती मनाचा खेळ आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण काही आठवडे झोप उडाली की निद्रानाश हा स्वतंत्र आजार होऊन बसतो, चिंतेचे कारण सरले तरी तो मागे राहू शकतो, आणि म्हणूनच कर्ज तसेच असतानाही त्यावर उपचार करता येतो व करायला हवा.

रोज रात्री माणूस बाजेवर तळमळत पडतो, तेव्हा बाज आणि तळमळ यांची मेंदूत सांगड बसते. मग ओसरीवर पेंगणारा माणूसही बाजेवर पाठ टेकताच टक्क जागा होतो. ही सांगड मोडण्याची पद्धत रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली आणि ती आजही उपयोगी ठरते. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही, तर घड्याळ न पाहता उठावे, मंद उजेडात ओसरीवर बसावे, वाती वळाव्यात किंवा नामस्मरण करावे, मोबाइल मात्र हाती घेऊ नये, आणि डोळे जड झाले की मगच बाजेवर परतावे. रात्र कितीही वाईट गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. पहिले काही दिवस यात थकवा वाढतो, त्याला घाबरून पद्धत सोडू नये. जे रात्री ओलितासाठी जागतात, त्यांनी परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोप भरून काढावी. तो आजार नव्हे.

चहातील कॅफिनपैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात असते, म्हणून दुपारनंतरचा चहा सोडावा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांची सवय लागते.

पहाटे तीनला जे वाटते, त्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. हिशेब आणि अडचणी दिवसा, उजेडात, वहीत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे कोणाला भेटायचे ते नोंदवावे: गटसचिव, बँकेचा अधिकारी, भाऊ.

दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडत्या कामातही जीव लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी समुपदेशन आहे आणि औषधेही आहेत. औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर ती सोडू नयेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला, तेव्हा गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केले आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोकांना मदत नको असते हा समज त्याने खोटा ठरवला. आणखी एक गोष्ट मला बोचते. घरातल्या बाईची झोप उडाली तर तो आजार कोणी धरतच नाही. सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी ती, तिला कोणी विचारतही नाही.

आपल्या घरी कोणी असे रात्री जागत असेल, गप्प गप्प राहत असेल, "आता जगून काय करायचं" असे बोलत असेल, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. जिवाचे काही करावेसे वाटते का, हे त्याला स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचे औषध घरात ठेवू नका, किंवा कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलतो. रात्री तीनलाही लावा. त्या रात्री त्याच्या सोबतीला झोपा, आणि सकाळी आशाताईंना सांगून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जा, एकट्याला पाठवू नका.

नमस्कार.