कोल्हापूर की सोलापूर, स्कायलाइन कुणाची भारी? आधी दोन बोटांचं गणित बघा

नमस्कार मंडळी! सकाळचे साडेसहा वाजलेत, मी रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला उभी आहे, समोर पाणी, पाण्यापलीकडे कोल्हापूर, आणि सूर्य शहराच्या मागून वर येतोय त्यामुळे सगळ्या बिल्डिंगा नुसत्या काळ्या दिसताहेत, रंग नाही, खिडक्या नाहीत, फक्त आकार. स्कायलाइन म्हणतात ती हीच. दुपारी इथे आलात तर एवढी दिसणार नाही.

आता स्कायलाइनची तुलना म्हटलं की आपल्याकडे लगेच मजले मोजायला सुरुवात होते. आमच्याकडे चौदा मजली झाली, तुमच्याकडे किती? मला हे मोजणं कधी पटलंच नाही, कारण त्या हिशोबानं मुंबई-पुणे सोडून बाकी सगळी शहरं कायम नापासच. आणि कोल्हापूर, सोलापूर, सांगली ही शहरं काय मुंबईची छोटी कॉपी नाहीत. म्हणून आज कोल्हापूर आणि सोलापूर ही दोनच शहरं घेते, आणि मजल्यांऐवजी एक वेगळीच गोष्ट मोजते. हवेतली रेषा.

थांबा, सांगते. तुमचा हात समोर सरळ लांब करा. दोन बोटं आडवी धरा, खालचं बोट क्षितिजाला टेकलेलं. ही दोन बोटांची जाडी म्हणजे साधारण तीन अंश. एवढंच लक्षात ठेवा, तीन अंश, बाकी गणित मी करते.

आधी कोल्हापूर. अंबाबाईचं देऊळ तुम्ही बघितलंच असेल, खाली सगळा काळा दगड, आणि वर नंतरच्या काळात चढवलेली पांढरी शिखरं. देवी पश्चिमेला तोंड करून आहे. नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ तारखेला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडपातून पुढे सरकत पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडतं आणि देवीच्या पायापर्यंत जातं. पायापासून हळूहळू वर. किरणोत्सव. वर्षातून दोनदाच का, तर २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे सर्वात लहान दिवस, त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी सूर्य ज्या जागी मावळतो, बरोबर तेवढ्याच आठवड्यांनी परत फिरून त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी ही जागा पकडून अख्ख्या देवळाची दिशा धरली, मला तर दरवेळी अंगावर काटा येतो.

मी गेल्या नोव्हेंबरमध्ये गेले होते. एवढी गर्दी असते पण शेवटची पाच मिनिटं कुणी बोलत नाही. फरशीवर उन्हाचा एक पट्टा असतो, आधी पिवळा, मग केशरी होत जातो, तो सरकताना डोळ्यांना दिसत नाही पण तुम्ही एका फरशीच्या सांध्यावर नजर ठेवली आणि मिनिटभरानं परत बघितलं तर सांधा उजेडात आलेला असतो. माझ्या शेजारी एक मावशी होत्या, त्या सांधेच मोजत होत्या, हळू आवाजात, एक, दोन, तीन.

आता ती दोन बोटं आठवा. सूर्य बुडायच्या दहा-बारा मिनिटं आधी तो क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असतो. म्हणजे देवीपर्यंत पोचणारा किरण जवळजवळ आडवाच असतो. आणि सूर्य जितका खाली उतरेल तितका किरण आत आणि वर चढतो. मग समजा या किरणाच्या वाटेत, देवळापासून तीनशे मीटरवर एखादी इमारत आहे, तर ती किती उंच असली की किरण अडेल? साधारण पावणेसोळा मीटर. पाच मजले फक्त. शंभर मीटरवर असेल तर पाच मीटर पुरेत, म्हणजे एकमजली घर आणि वर पाण्याची टाकी, नाहीतर जाहिरातीचा एक बोर्ड. यात टॉवर कुठेच नाही बघा! म्हणून दरवर्षी या वाटेवरच्या अडथळ्यांची चर्चा होते, मोजमापं होतात, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पोरं यंत्रं घेऊन उभी असतात. ढग आणि हवेतली धूळ-ओल हा वेगळा विषय, तो कुणाच्या हातात नाही. टाकी मात्र आपल्या हातात आहे.

तर कोल्हापूरची पहिली रेषा ही. महाद्वारापासून पश्चिमेकडे जाणारी, दोन बोटांएवढी वर चढणारी. नकाशावर ती दिसत नाही पण जुन्या गावाच्या त्या भागात किती वर जायचं हे तिनं ठरवायला पाहिजे.

चला आता सोलापूर. गाडीनं चार-साडेचार तास.

सोलापुरात रंकाळ्याच्या जागी सिद्धेश्वर तलाव. देऊळ पाण्यात, बाजूला भुईकोट किल्ला, त्याचे बुरूज. किल्ला भुईकोट म्हणजे डोंगर नाही, सपाट जमीन, त्यामुळे सोलापूरची रेघ मुळातच लांब आणि आडवी आहे. त्या आडव्या रेघेवर उभं काय होतं? चिमण्या. पाखरं नाही हो, गिरणीच्या चिमण्या. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सोलापूरच्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, ते चिमणी आणि भोंगा एका दमात सांगतील. चिमणी उंच का बांधायची? आत गरम धूर, बाहेर गार हवा, गरम हवा हलकी म्हणून वर पळते आणि खालून ताजी हवा बॉयलरमध्ये ओढली जाते. चिमणी जितकी उंच तितकी ओढ जास्त, आणि धूरही घरांच्या वरून जातो. खाली रुंद आणि वर निमुळती, वीट गोलाकार रचत नेलेली. ते गवंडीकाम जवळून बघा एकदा, इमारतीएवढाच त्याचा मान आहे असं माझं मत.

आणि पूर्व भाग बघा, जिथे पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, चादरी आणि टॉवेलचे माग आहेत. तिथली घरं बुटकी का राहिली? माग जड असतो, चालताना हादरे देतो, तो तळमजल्यावरच बरा. खाली माग, वर माणसं, झालं. हे कुठल्या आर्किटेक्टनं कागदावर काढलेलं नाही, धंद्यानं काढलंय. मला आजही सोलापूरचं सगळ्यात खरं आर्किटेक्चर तिथेच वाटतं, इंद्रभुवनची नक्षी सुंदर आहे, महापालिकेची इतकी देखणी इमारत फार कमी गावांत आहे, पण रात्री नऊला मागांच्या गल्लीतून चालत जा, सगळी भिंत खटखटत असते, हात लावला तर तळव्याला कळतं.

आता सोलापूरची रेषा. १५ जून २०२३. सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची, म्हणजे साखरेसोबत वीज बनवणाऱ्या प्रकल्पाची चिमणी, नव्वद मीटरच्या आसपास उंच, स्फोटकं लावून पाडली. व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, खालून धुरळा, मग सगळी चिमणी एका बाजूला कलली आणि खाली. कारण काय, तर होटगी रोडचं विमानतळ, विमान उतरायच्या वाटेत ती येत होती. शहरात यावरून वर्षानुवर्षं वाद झाला, विमान पाहिजे म्हणणारे एकीकडे आणि कारखान्यावर ज्यांचा ऊस जातो ते शेतकरी एकीकडे, दोघांच्याही पोटाचा प्रश्न, मी त्यात निकाल द्यायला बसले नाही. पण गणित बघा. विमान उतरताना साधारण किती कोनात खाली येतं? तीन अंश!

तीच दोन बोटं, मंडळी. तीन अंशांनी खाली येणारं विमान धावपट्टीला टेकायच्या पावणेदोन किलोमीटर आधी नव्वद मीटरवर असतं, आणि त्याच्याही खाली बरीच मोकळी हवा राखावी लागते. म्हणजे कोल्हापुरात सूर्य ज्या उताराने देवळात उतरतो, जवळपास त्याच उताराने सोलापुरात विमान जमिनीवर उतरतं. मी हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा दोनदा तपासलं. दोन शहरं, दोन न दिसणाऱ्या रेषा, उतार एकच.

सोलापूरला अजून एक रेषा आहे, ती जानेवारीत दिसते. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, दोन मजली घरापेक्षा उंच काठ्या, माणसं त्या उभ्या पेलत गल्लीबोळातून नेतात. मान वर करून बघा, मिरवणुकीच्या वाटेवर आडवी तार, कमान, बाहेर आलेलं छज्ज्याचं टोक, सगळ्याचा विचार करावा लागतो. वर्षातले थोडे दिवस का होईना रस्त्याच्या वरची हवा नंदीध्वजांची असते.

बाकी शहरं पटकन. साताऱ्याला काळजीच नाही, अजिंक्यतारा एवढा मोठा मागे उभा की कुठलीही बिल्डिंग त्याच्यापुढे लहान. छत्रपती संभाजीनगरला मकबऱ्याचा घुमट आणि मागे डोंगर, दोन्ही एका फ्रेममध्ये मिळतात. सोलापूरहून विजयपूरला गेलात तर गोल घुमट, १६५६ चा, बाहेरून ४४ मीटरच्या आसपास व्यास, गावाच्या आधी तोच दिसतो. यांच्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

कोल्हापूरला परत येते कारण इथे खालूनही एक रेषा आहे. पूररेषा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते, ४३ ला धोका. २०१९ ला आणि परत २०२१ ला ती पन्नास फुटांच्या वर गेली. मग नदीकडच्या भागात लोक काय करतात? खाली पार्किंग मोकळं सोडतात आणि घर वर उचलतात. एकेका घरानं पाण्यासाठी मजला वर घ्यायचा आणि जुन्या गावात उन्हासाठी मजला खाली ठेवायचा, या दोन्हीच्या मध्ये कोल्हापूरची रेघ तयार होते.

आणि नियम? २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात ती. त्यात रस्ता जितका रुंद तितकी जास्त उंची, जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं जास्त बांधकाम. नियम सगळीकडे एक असणं सोयीचं आहे, बिल्डरला आणि घर घेणाऱ्यालाही, मी त्याच्या विरोधात नाही. पण रस्त्याची रुंदी मोजून तुम्हाला किरण कळत नाही. नंदीध्वज कळत नाही. विमानाची रेषा तेवढी कळते, कारण तिथे विमानतळाची एनओसी, म्हणजे ना-हरकत लागते, कलर कोडेड नकाशा असतो, कुठल्या प्लॉटवर किती मीटर ते लिहिलेलं असतं. मग माझं सरळ म्हणणं आहे, तसाच नकाशा किरणांसाठी का नको? रेषा काढा, प्रत्येक प्लॉटसमोर उंची लिहा, ज्याचा मजला कमी होतो त्याला त्या बदल्यात टीडीआर द्या, म्हणजे तेवढंच बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क, मग त्याच्या पोटावर पाय नाही. विमानासाठी जमतं ते सूर्यासाठी जमायला पाहिजे.

माझ्या आजीचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत होतं, गच्चीवरून अंबाबाईचं शिखर दिसायचं, पांढरं. ती पापड वाळत घालायला वर जायची आणि हात जोडून मगच कामाला लागायची. आता त्या गच्चीवरून समोरच्यांचं जिन्याचं डोकं दिसतं आणि दोन काळ्या टाक्या. त्या लोकांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की इथून काहीतरी दिसतं.

तर एक करा. सांगली, लातूर, अहिल्यानगर, जळगाव, कुठलेही असा, उद्या संध्याकाळी गच्चीवर जा, हात लांब करून दोन बोटं धरा, आणि त्या दोन बोटांच्या वर काय काय येतंय ते बघून मला फोटो पाठवा, जागा आणि दिशा लिहून. मी १० नोव्हेंबरला पाच वाजता महाद्वारात कॅमेरा लावून उभी असेन, त्या मावशी परत भेटल्या तर यावेळी सांधे आम्ही दोघी मिळून मोजू.